शिकारी रायफलचा ट्रिगर: किती हलका, किती जड

रायफलचा ट्रिगर सुटण्यासाठी बोटाने जेवढा जोर लावावा लागतो, त्याला ट्रिगर वेट म्हणतात. अमेरिकेत तो पौंडांत सांगतात, युरोपात ग्रॅम किंवा किलोत. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलींचा ट्रिगर ३ ते ५ पौंडांचा, म्हणजे साधारण १.४ ते २.३ किलोंचा असतो. दीड किलोचा ट्रिगर म्हणजे दीड लिटर पाण्याने भरलेली बाटली तर्जनीच्या पेरावर तोलण्याइतका जोर. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण हा जोर रायफल जराही न हलवता, सरळ मागे आणि हळूहळू वाढवत न्यायचा असतो, आणि खरी अडचण तिथेच येते.

दुर्बीण बसवलेली शिकारी रायफल साडेतीन-चार किलोंच्या आसपास भरते. तिचा ट्रिगर तीन किलोंचा असेल, तर गोळी सुटण्याच्या क्षणी बोट जवळजवळ रायफलच्या वजनाइतकाच जोर लावत असते. तो थोडासा तिरका लागला तरी नळीचे तोंड सरकते. नळी एका अंशाच्या साठाव्या भागाने वळली, तर २०० मीटरवर गोळी जवळजवळ सहा सेंटिमीटर बाजूला पडते. आणि जड ट्रिगर झटक्याने ओढला गेला की नळी याच्या कितीतरी पट वळते. हरणाच्या फुप्फुस-हृदयाचा भाग जेमतेम वीतभर रुंद असतो. गोळी त्याच्या बाहेर गेली की जनावर जखमी होऊन पळते, आणि अंधार पडेपर्यंत रक्ताच्या खुणांवरून त्याचा माग काढत बसावे लागते. डोंगर चढताना ओझे नको म्हणून घेतलेल्या अडीच किलोंच्या रायफलीवर हा परिणाम अधिकच जाणवतो, कारण बोटाच्या जोराला विरोध करायला तिच्यात वस्तुमानच कमी असते.

म्हणून ट्रिगर हलका हवा, असे वाटणे साहजिक आहे. मात्र हलकेपणाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. थंडीत बधिर झालेल्या किंवा हातमोज्यातल्या बोटाला पाचशे ग्रॅमचा स्पर्श कळतच नाही. जनावर समोर आल्यावर छाती धडधडते, श्वास चढलेला असतो, बोटांची सूक्ष्म जाणीव मंदावते. अशा वेळी ट्रिगर अगदी हलका असेल, तर नेम लागण्याआधीच, बोट जागेवर ठेवता ठेवता गोळी सुटते. ती कुठे जाईल याचा हिशेब त्या क्षणी कोणाकडेच नसतो.

जड ट्रिगर सुरक्षित आणि हलका धोकादायक, एवढे सरळ समीकरण मात्र मांडता येत नाही. माणूस अडखळला, दचकला किंवा एका हाताने एखादी वस्तू घट्ट पकडली, तर दुसऱ्या हाताची मूठही नकळत आवळली जाते. त्या आवळण्यातला जोर अडीच किलोंच्या ट्रिगरलाही सहज पुरून उरतो. बोट ट्रिगरगार्डच्या आत असेल, तर कोणतेही ट्रिगर वेट वाचवत नाही. बोट बाहेर, नळीला समांतर, आणि नेम पूर्ण ठरल्यावरच आत, हा नियम पाळणाऱ्याच्या हातात दीड किलोचा ट्रिगर निर्धोक असतो. नियम न पाळणाऱ्याच्या हातात अडीच किलोंचाही नसतो. पुढचे सगळे विवेचन हा नियम पाळला जातो हे गृहीत धरून आहे.

ट्रिगरचे वजन कुठून येते, हे समजले की निवड सोपी होते. बोल्ट बंद केल्यावर फायरिंग पिन दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपायला तयार असते. तिला सियर नावाचा छोटा पोलादी तुकडा अडवून धरतो आणि सियरच्या खाली ट्रिगरची कड टेकलेली असते. ट्रिगर मागे गेला की ही कड सरकते, सियर खाली येतो, पिन सुटते. सियर आणि ट्रिगर यांच्या कडा एकमेकींवर किती टेकल्या आहेत, त्यांचे पृष्ठभाग किती गुळगुळीत आहेत आणि ट्रिगरला जागेवर परत आणणारी स्प्रिंग किती ताठ आहे, या तीन गोष्टींतून ट्रिगर वेट ठरते. स्प्रिंग सैल करणे हा वजन कमी करण्याचा एक मार्ग, कडांचे टेकणे कमी करणे हा दुसरा. पहिला मार्ग ठराविक मर्यादेपर्यंत सुरक्षित असतो. दुसऱ्या मार्गाने मात्र रायफल केसाच्या आधारावर उभी राहते आणि बट जमिनीवर आपटला तरी सुटू शकते. एकाच ट्रिगर वेटच्या दोन रायफलींपैकी एक भरवशाची आणि दुसरी घातक असू शकते ती यामुळे.

हाताला जाणवणाऱ्या जडपणाचा वजनाशी दर वेळी संबंध असतोच असे नाही. गोळी सुटण्याआधी ट्रिगर खरखरत, थांबत थांबत सरकत असेल, तर सव्वा किलोचाही जड वाटतो. आणि काहीही न सरकता अचानक स्वच्छ सुटणारा पावणेदोन किलोंचा ट्रिगर हलका भासतो. गोळी सुटल्यावर ट्रिगर मागे किती वाहवत जातो, त्याची पाती रुंद आहे की अरुंद, बोटाच्या कोणत्या भागावर ती टेकते, यानेही फरक पडतो. रायफल निवडताना म्हणून वजनाच्या आकड्याआधी ट्रिगरच्या सुटण्याची स्वच्छता पाहावी. दुकानात रायफल रिकामी असल्याची खात्री करून, दुकानदाराच्या परवानगीने, सुरक्षित दिशेला नळी धरून चारपाच वेळा ट्रिगर ओढला की ती लगेच कळते.

दोन टप्प्यांचा ट्रिगर हा वेगळा प्रकार आहे. त्यात आधी थोडा हलका जोर लावून ट्रिगर एका ठिकाणी आणून टेकवायचा आणि मग उरलेल्या जोराने सोडायचा. जुन्या माउझर ९८ लष्करी रायफलींचा ट्रिगर असाच होता. पहिल्या टप्प्यावर बोटाला सूचना मिळते. थंडीत ही सूचना कामाची ठरते, पण अनेक शिकाऱ्यांना एका टप्प्याचा ट्रिगरच जास्त सवयीचा वाटतो. इथे योग्य-अयोग्य काही नाही. सराव ज्यावर झाला आहे, तोच बरा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ट्रिगर म्हटले की नेमबाजीची स्पर्धा आठवते, आणि तिथला अंदाज शिकारीला लावण्याची चूक होते. दहा मीटर एअर रायफल प्रकारात ट्रिगर वेटला किमान मर्यादाच नाही. तिथले ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपासही ठेवलेले असतात. अंजली भागवत यांनी ज्या प्रकारात २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, तो हाच. पण रेंजवर नळी सदैव लक्ष्याकडे असते, पंच हजर असतात, नेमबाज स्थिर उभा असतो आणि कोणी रायफल घेऊन झाडीतून चालत नाही. उलट उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे. राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगर वेट किमान १००० ग्रॅम लागते आणि पिस्तुलाचे कमाल वजन १४०० ग्रॅम असते. म्हणजे ट्रिगरला लागणारा जोर शस्त्राच्या वजनाच्या जवळपास जातो, तरी गोळ्या दहाच्या वर्तुळात बसतात. तंत्र पक्के असेल तर मध्यम वजनाचा ट्रिगर आड येत नाही. रायफल तर पिस्तुलाच्या तिप्पट वजनाची आणि खांद्यावर टेकलेली असते.

एकच सल्ला द्यायचाच झाला, तर बहुतेक शिकाऱ्यांसाठी १.३ ते १.६ किलो, म्हणजे तीन-साडेतीन पौंड, हे उत्तर आहे. हे वजन उघड्या बोटाला स्पष्ट जाणवते, पातळ हातमोज्यातही हरवत नाही आणि चार किलोंच्या रायफलीवर नेम बिघडवत नाही. फिनलंडच्या टिक्का टी-थ्री रायफलीचा ट्रिगर १ ते २ किलोंच्या दरम्यान जुळवता येतो. अमेरिकेतली टिम्नी ही १९४६पासून ट्रिगर बनवणारी कंपनी रेमिंग्टन ७०० रायफलीसाठीचा आपला ट्रिगर कारखान्यातच ३ पौंडांवर लावून पाठवते, जरी तो दीड पौंडापर्यंत खाली आणता येत असला तरी. उत्पादकांचे हे आकडे आणि अनुभवी शिकाऱ्यांचा कल एकाच पट्ट्यात येतात, हा योगायोग नव्हे.

त्यापासून किती सरकायचे, हे शिकारीच्या प्रकारावर ठरते. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये थार या डोंगरी रानबकऱ्यांच्या मागे उघड्या कड्यांवर फिरणारा शिकारी बॅगेवर रायफल टेकवून, आडवा पडून, लांबून गोळी झाडतो. त्याला सव्वा किलोचा ट्रिगर चालतो, कारण काडतूस चेंबरमध्ये तो आडवा पडल्यावरच जाते. जर्मनी-पोलंडच्या जंगलात हाके देऊन रानडुकरे उठवली जातात, तिथे धावत्या जनावरावर उभ्याने, जाड हातमोज्यांनिशी, आजूबाजूला दुसरे शिकारी आणि हाकारे असताना गोळी झाडायची असते. तिथे पावणेदोन ते दोन किलो जास्त समजूतदारपणाचे. आफ्रिकेत रानम्हशींसाठी वापरल्या जाणाऱ्या दुनळी रायफलीला दोन ट्रिगर असतात. त्यात मागचा ट्रिगर सहसा पुढच्यापेक्षा जड ठेवतात, म्हणजे पहिल्या गोळीच्या धक्क्याने दुसरी नळीही सुटत नाही. नवशिक्याच्या आणि किशोरवयीन मुलाच्या रायफलीला दीड किलोच्या खाली नेऊ नये. त्याला ट्रिगर जड वाटत असेल, तर बहुतेक वेळा दोष रायफल अंगाला लांब असण्यात असतो. बट आखूड केला की बोट ट्रिगरवर नीट पोचते आणि तक्रार संपते.

एक किलोच्या खाली चालत्या-फिरत्या शिकारीच्या रायफलीला नेऊ नये, हे मत इथे ठामपणे मांडावेसे वाटते. तिथे मिळणारा नेमाचा फायदा टेबलावरून गोळ्या झाडताना दिसतो, गुडघ्यावर बसून झाडताना दिसत नाही. धोका मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

युरोपात या पेचावर जुना तोडगा आहे: सेट ट्रिगर, जर्मनीत ज्याला श्टेखर म्हणतात. एक प्रकार दोन ट्रिगरांचा, त्यात मागचा ओढला की पुढचा अतिशय हलका होतो. दुसऱ्या प्रकारात एकच ट्रिगर पुढे ढकलून तो हलका करतात. न ढकलता ओढला, तर तो नेहमीच्या वजनाने सुटतो. जर्मनीच्या शिकार-सुरक्षा नियमांनुसार रायफल सेट करणे फक्त गोळी झाडण्याच्या अगदी आधी मान्य आहे आणि गोळी झाडली गेली नाही, तर ताबडतोब सेफ्टी लावून ट्रिगर पूर्ववत करावा लागतो. हरीण झाडाआड गेले, शिकारी उठला आणि सेट केलेली रायफल तशीच खांद्याला लावून चालू लागला, हा अपघाताचा ठरलेला मार्ग. आज चांगला स्थिर ट्रिगर सहज मिळत असल्याने नव्या खरेदीदाराला सेट ट्रिगरची गरज क्वचितच पडते.

अमेरिकेतल्या उत्पादकांनी दीर्घकाळ ट्रिगर मुद्दाम जड ठेवले. अपघात झाला की कंपनीवर दावा लागत असे, म्हणून तिथल्या शिकाऱ्यांनी अशा ट्रिगरला ‘वकिलांचा ट्रिगर’ असे उपहासाचे नावच दिले. घरोघरी स्क्रू फिरवून ट्रिगर हलके करण्याची सवय यातूनच फोफावली. सॅव्हेज कंपनीने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणलेल्या ॲक्युट्रिगरने हे चित्र बदलले. त्याच्या मध्यभागी एक पातळ पट्टी असते. ती बोटाने पूर्ण दाबली गेल्याशिवाय सियर सुटू शकत नाही. धक्क्याने सियर निसटलाच, तर पट्टी त्याला अडवते आणि बोल्ट उचलून पुन्हा चढवावा लागतो. मालकाने स्वतः वजन कमी करावे आणि तरी धोका वाढू नये, अशी ही रचना लवकरच इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धतीने उचलली.

ट्रिगरच्या अंतरंगात चूक झाली की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण रेमिंग्टनचे. माइक वॉकर या अभियंत्याच्या रचनेत ट्रिगर आणि सियर यांच्यामध्ये कनेक्टर नावाचा एक सुटा तुकडा होता. १९६२ साली बाजारात आलेल्या मॉडेल ७०० रायफलीत हीच रचना होती. कनेक्टर आणि ट्रिगर यांच्या फटीत कचरा किंवा घट्ट झालेले तेल अडकले, तर कनेक्टर सियरच्या खाली पूर्ण परतत नाही, आणि मग सेफ्टी काढताच किंवा बोल्टला हात लावताच गोळी सुटू शकते, असा आरोप अनेक दाव्यांत झाला. कंपनीने रचनेत दोष असल्याचे कधी मान्य केले नाही. १९८२पूर्वीच्या रायफलींत बोल्ट उघडण्यासाठी सेफ्टी काढावीच लागे, त्यामुळे काडतूस काढतानाच रायफल ‘तयार’ अवस्थेत येई. २००६पासून दिलेला एक्स-मार्क प्रो हा नवा ट्रिगरही अडचणीतून सुटला नाही. जुळणीत जास्त चिकटद्रव्य पडल्याच्या कारणाने कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये मे २००६पासूनच्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या. पुढे सामूहिक दाव्यात तडजोड होऊन सुमारे ७५ लाख शस्त्रांसाठी ट्रिगर बदलून देण्याची किंवा भरपाईची तरतूद झाली. जुनी रायफल विकत घेणाऱ्याने तिच्यात कोणता ट्रिगर आहे आणि तो परत मागवलेल्यांपैकी आहे का, हे उत्पादकाकडे अनुक्रमांक देऊन तपासावे. परदेशात वापरलेल्या रायफली स्वस्त मिळतात, आणि आधीच्या मालकाने स्क्रूंशी काय केले आहे ते बाहेरून दिसत नाही.

वजन अंदाजाने सांगू नये; मोजावे. स्प्रिंगचा किंवा डिजिटल ट्रिगर-काटा महाग नसतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, चेंबर आणि मॅगझिन डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, मग रायफल घट्ट आधारावर ठेवून काट्याचा हूक ट्रिगरवर बोट जिथे टेकते नेमके तिथे अडकवावा. ट्रिगर ही तरफ असल्याने टोकाला अडकवला तर वजन कमी दिसते, मुळाशी अडकवला तर जास्त. नळीला समांतर, सावकाश ओढावे. निदान आठ-दहा वेळा मोजून सरासरी काढावी, पण सरासरीपेक्षा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचनातले अंतर अधिक बोलके असते. ते शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत असेल तर ट्रिगर ठीक आहे. अर्ध्या किलोने हलत असेल, तर आत घाण, झीज किंवा चुकीची जुळणी आहे, आणि वजन कमी करण्याचा विचार सोडून रायफल गनस्मिथकडे न्यावी.

मालकाने हात लावायचा तो फक्त उत्पादकाने वापरणाऱ्यासाठी म्हणून दिलेल्या वजनाच्या स्क्रूला, पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच. लाखेसारख्या द्रव्याने बंद केलेले इतर स्क्रू कारखान्याने बंद ठेवले आहेत ते कारणाने. सियरला दगडावर घासून गुळगुळीत करणे तर पूर्ण टाळावे. अनेक सियरांचा कठीण थर अगदी पातळ असतो. तो गेला की आतले मऊ पोलाद झिजते आणि काही महिन्यांत ट्रिगर आपोआप हलका होत जातो. नको असलेला जडपणा स्क्रूने जात नसेल, तर चांगल्या कंपनीचा पूर्ण ट्रिगर विकत घेऊन जाणकाराकडून बसवून घेणे स्वस्त पडते.

वजन बदलल्यावर रिकाम्या रायफलीवर तीन चाचण्या करायच्या. बोल्ट जोरात, दहा-पंधरा वेळा मागे-पुढे करून पिन सुटते का ते पाहावे. सेफ्टी लावून ट्रिगर घट्ट ओढावा, बोट सोडावे आणि मग सेफ्टी काढावी. या वेळी पिन सुटली तर रायफल वापरायची नाही. सेफ्टी काढलेली, पिन चढलेली रायफल उभी धरून बट रबराच्या जाड पट्ट्यावर काही वेळा टेकवून आपटावा. अमेरिकी उत्पादकांची संस्था सामी हिच्या मानकांत १ फुटावरून आपटण्याची चाचणी आहे, तीही सेफ्टी काढून; आणि सेफ्टी लावून ४ फुटांवरून पाडण्याची वेगळी. घरच्या चाचणीत एवढे उंचावरून पाडण्याची गरज नाही, पण एकदाही पिन सुटली तर स्प्रिंगचा ताण पूर्ववत करून गनस्मिथचाच रस्ता धरावा.

देखभालीत सर्वांत मोठी चूक तेलाची. ट्रिगरच्या पेटीत फवारलेले जाड तेल धूळ ओढते, थंडीत गोठते आणि मग ट्रिगर परत येत नाही किंवा अर्धाच परततो. ट्रिगर कोरडा किंवा जवळजवळ कोरडा ठेवावा. पावसात भिजलेली रायफल आतून सुकू द्यावी, गरज पडली तर लायटरमध्ये भरायच्या पातळ द्रवाने, हवेशीर जागेत आणि आगीपासून दूर, पेटी धुवावी. शिकारीच्या मोसमाआधी वजन पुन्हा मोजावे. गेल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा ते कमी झाले असेल, तर ते चांगले लक्षण नव्हे.

ट्रिगरचे वजन कमी केल्याने दचकण्याची सवय जात नाही. गोळीच्या धक्क्याची भीती बसलेला शिकारी हलक्या ट्रिगरवरही डोळे मिटतो, फक्त लवकर मिटतो. त्यासाठी घरी रिकाम्या रायफलीने, नकली काडतूस घालून सराव करणे आणि त्याच वजनाचा ट्रिगर लावलेल्या पॉइंट टू-टू रायफलीवर गोळ्या झाडणे हा खात्रीचा इलाज आहे. सराव नेहमीच्या हातमोज्यांसह करावा, कारण ट्रिगर निवडायचा तो त्याच हातासाठी.

भारतात या मार्गदर्शनाची व्याप्ती मर्यादित आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२नुसार छंद म्हणून शिकारीला इथे वाव नाही. पिकांचे नुकसान किंवा माणसांना धोका असेल तेव्हा सहसा अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीनेच जनावर मारता येते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणासाठी परवाना असलेल्या बंदुकी बहुतांशी साध्या एकनळी आहेत, त्यांचे ट्रिगर मालकाने जुळवण्यासारखे नसतात. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करायला स्वतंत्र परवाना लागतो. अशा बंदुकीचा ट्रिगर खूप जड किंवा अनपेक्षित हलका वाटू लागला, तर ती परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावी, आणि तोवर तिच्यात काडतूस भरू नये.